चष्म्याच्या बिलात न दिसणारं काम

मित्रहो,

आज समोर चष्मे विकणारी माणसं बसली आहेत आणि चष्मे लावणारीही बसली आहेत. विषय दोघांचा आहे. स्वतंत्र चष्मेवाला टिकेल का, हा प्रश्न आमच्या बैठकांमध्ये बहुतेक वेळा गल्ल्यापुरताच विचारला जातो. मला तो दुसऱ्या टोकाकडून विचारायचा आहे. चष्मा नाकावर नीट बसेपर्यंत जे काम होतं, त्याचे पैसे नेमके कशातून वसूल होतात? माझ्या मते मोठ्या कंपन्या आणि छोटे दुकानदार यांच्यातला सगळा झगडा या एका गोष्टीपाशी येऊन अडतो.

आधी कंपन्यांकडे बघू. लिओनार्दो देल वेक्किओ यांचा जन्म १९३५ चा, मिलानचा. लहानपण अनाथाश्रमात गेलं, तरुणपणी साचे आणि अवजारं बनवायचं काम शिकले. १९६१ मध्ये उत्तर इटलीतल्या आगोर्दो या डोंगराळ गावात त्यांनी लक्झॉटिका सुरू केली. सुरुवातीला ते दुसऱ्यांसाठी फ्रेमचे सुटे भाग बनवत. पुढे अख्खी फ्रेम स्वतःच्या नावाने बनवू लागले. तिथून त्यांची प्रत्येक चाल एकाच दिशेने पडत गेली: आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये जो कोणी उभा आहे, त्याची जागा आपण घ्यायची. १९८८ मध्ये अरमानीच्या नावाने फ्रेम बनवण्याचा परवाना मिळवला. १९९५ मध्ये अमेरिकेतली एक बूट बनवणारी कंपनी विकत घेतली, कारण लेन्सक्राफ्टर्स ही चष्म्याच्या दुकानांची साखळी तिच्या मालकीची होती. १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून ६४ कोटी डॉलरला रे-बॅन घेतली. २००१ मध्ये सनग्लास हट ही गॉगलच्या दुकानांची साखळी घेतली.

सनग्लास हटच्या वेळचा एक प्रसंग आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. ओकली ही गॉगल बनवणारी कंपनी तेव्हा स्वतंत्र होती आणि तिचा बराच माल सनग्लास हटच्या दुकानांतून खपत असे. दुकानं लक्झॉटिकाकडे गेली आणि थोड्याच महिन्यांत ओकलीला मिळणाऱ्या ऑर्डरी एकदम घटल्या. शेअर बाजारात ओकलीचा भाव कोसळला. पुढे दोघांमध्ये समझोता झाला, आणि २००७ मध्ये लक्झॉटिकाने सुमारे २१० कोटी डॉलर मोजून ओकली घेऊनच टाकली. ओकलीचा माल वाईट नव्हता, चाहतेही भरपूर होते. फक्त माल ज्या फळीवर मांडायचा ती फळी दुसऱ्याच्या हातात गेली होती.

काचांच्या बाजूची गोष्ट अशीच लांब आहे आणि तिची सुरुवात मला फार आवडते. एसिलोरचं मूळ १८४९ मध्ये पॅरिसमध्ये चष्मे बनवणाऱ्या कामगारांनी काढलेल्या सहकारी संघटनेत आहे. त्याच परंपरेतल्या एसेल या कंपनीत बर्नार मेतेनाझ या अभियंत्याने प्रोग्रेसिव्ह काच घडवली आणि १९५९ मध्ये ती व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. चाळिशी उलटलेल्या माणसाला लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून, मध्ये रेघ न येता दिसायला लागलं. हे मोठं काम आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. १९७२ मध्ये एसेल आणि सिलोर मिळून एसिलोर झाली. नंतर तिनेही खरेदी सुरू केली. प्रयोगशाळांमध्ये काचा घासणारी आणि घडवणारी यंत्रं बनवणारी सॅटिसलोह २००८ मध्ये घेतली. उन्हात गडद होणाऱ्या काचांची ट्रान्झिशन्स २०१४ मध्ये पूर्णपणे ताब्यात आली.

१ ऑक्टोबर २०१८ रोजी हे दोन प्रवाह एकत्र झाले आणि एसिलोरलक्झॉटिका अस्तित्वात आली. मंजुरी देण्यापूर्वी युरोपियन आयोगाने जवळजवळ ४००० चष्मेवाल्यांकडून मतं मागवली होती. रे-बॅनसारखं गिऱ्हाईक मागून घेतंच असं नाव हातात असताना ही कंपनी दुकानदाराला 'फ्रेम हवी तर काचाही आमच्याच घे' असं म्हणेल का, हा मुख्य प्रश्न होता. तसं करण्याइतकी ताकद आणि कारण कंपनीकडे असणार नाही, असा निष्कर्ष काढून आयोगाने कोणतीही अट न घालता परवानगी दिली. २०२१ मध्ये याच कंपनीने ७००० हून अधिक दुकानांची ग्रँडव्हिजन घेतली, तेव्हा मात्र आयोगाने बेल्जियम, इटली आणि नेदरलँड्समधली काही दुकानं विकायला लावली.

आता एका स्वतंत्र दुकानदाराच्या जागी उभे राहून बघा. तो फ्रेम ज्यांच्याकडून घेतो, काचा ज्यांच्याकडून घेतो, त्याची प्रयोगशाळा ज्यांची यंत्रं वापरते, आणि अमेरिकेत असेल तर त्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे भरणारी आयमेड ही दृष्टी-विम्याची योजना ज्यांची, ते सगळे एकाच घरातले असू शकतात. आणि त्याच घराचं दुकान पलीकडच्या चौकात असू शकतं. त्याच्याकडे काय खपतं, हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच ऑर्डरींवरून कळतं.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२१ मध्ये लक्झॉटिकाला १२.५ कोटी युरोंचा दंड केला. चष्मेवाल्यांनी कोणत्या किमतीला विकावं यात कंपनी हस्तक्षेप करत होती, सवलती देण्यापासून त्यांना अडवत होती, असा ठपका होता. पुढच्याच वर्षी एसिलोरला ८.१ कोटी युरोंचा दंड झाला, कारण नंबराच्या काचा ऑनलाइन विकणाऱ्यांना तिने भेदभावाची वागणूक दिली होती. या दुसऱ्या निकालाकडे नीट बघा. तिथे नुकसान ऑनलाइन विक्रेत्यांचं झालं होतं, म्हणजे ज्यांना आम्ही दुकानदार शत्रू समजतो त्यांचं. दुकानदारांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही हा निकाल योग्यच वाटला पाहिजे. पुरवठादाराने आज माझ्या सोयीसाठी दुसऱ्याचा माल अडवला, तर उद्या दुसऱ्यासाठी माझा अडवेल.

पण मोठं ते वाईट आणि छोटं ते चांगलं, अशी मांडणी मी करणार नाही, कारण इतिहास तसा नाही. जर्मनीत आरोग्य विम्याच्या खर्चाने मिळणारा चष्मा कित्येक वर्षं मोजक्या बेढब प्लॅस्टिक फ्रेममध्येच मिळत असे. गरिबाची गरिबी त्याच्या नाकावर दिसायची. ग्युंटर फिलमान यांनी १९८१ मध्ये एझेन्स इथल्या विमा संस्थेशी करार केला आणि त्याच पैशांत ९० प्रकारच्या फ्रेम उपलब्ध करून दिल्या. त्यातून उभी राहिलेली साखळी आज प्रचंड आहे, आणि तिने लाखो माणसांची लाज घालवली हे कोणी नाकारू नये. ब्रिटनमध्ये १९८४ पर्यंत चष्मा विकण्याचा हक्क कायद्याने नोंदणीकृत व्यावसायिकांच्याच हातात होता. त्या बंदिस्तपणात किमती चढ्या राहत.

अमेरिकेचं उदाहरण तर आम्हाला लाज वाटावी असं आहे. १९७८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला की डोळे तपासणाऱ्याने तपासणी संपताच नंबराचा कागद, न मागता आणि जादा पैसे न घेता, हातात द्यावा. नियम का करावा लागला? कारण पुष्कळ ठिकाणी कागद अडवून ठेवला जात होता, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. हे करणारे सगळेच काही महाकाय कंपन्यांचे नोकर नव्हते. आमच्यासारखी माणसंच होती.

मग स्वतंत्र चष्मेवाला हवा कशाला? त्याचं उत्तर त्याच्या हातातल्या कामात आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

समजा तुमचा नंबर उणे सहा आहे. काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यायला हवा. तो सरकला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे समोरचं चित्र जागेवरून हलवते. किती, ते काढणं सोपं आहे: मध्य किती सेंटिमीटर सरकला त्याला नंबराने गुणायचं. एका डोळ्यासमोरची काच दोन मिलिमीटर वर बसली आणि दुसरी बरोबर बसली, तर दोन डोळ्यांत १.२ प्रिझम डायॉप्टरचा (हे प्रिझम मोजायचं एकक) फरक पडतो. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात. उभ्या दिशेचा फरक सोसायची त्यांची ताकद फार कमी असते. डोकं दुखतं, अक्षरं जोडीने दिसू लागतात, आणि माणूस म्हणतो की नंबर चुकला. नंबर बरोबरच असतो.

उणे दहाची काच तपासणीच्या वेळी डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर होती आणि निवडलेल्या फ्रेममध्ये ती ८ मिलिमीटरवर आली, तर तीच काच डोळ्याला पाव नंबराहून जास्त कडक लागते. प्रोग्रेसिव्ह काचेत तर उंची मापल्याशिवाय हात घालू नये. खाली वाचायला जाण्याची वाट अरुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धुरकट भाग असतो. फ्रेम निवडून, नाकावर बसवून, काड्या कानामागे वाकवून झाल्यावरच त्या उंचीवर खूण करता येते. फ्रेम नंतर घसरली तर केलेलं माप वाया जातं. लहान मुलांच्या नाकाचा उंचवटा अजून वाढलेला नसतो, म्हणून मोठ्यांची फ्रेम नुसती छोटी करून त्यांना चालत नाही. मूल चष्म्याच्या वरून बघत राहतं आणि काचा घालून उपयोग होत नाही.

हे सगळं काम करायला वेळ लागतो, आणि चष्मा दिल्यानंतरही लागतो. स्क्रू सैल होतो, पॅड पिवळे पडतात, वर कोणीतरी चष्म्यावर बसतं. ही दुरुस्ती बहुतेक दुकानांत फुकट होते. फुकट म्हणजे तिचे पैसे फ्रेमच्या किमतीत आधीच घातलेले असतात. मापाचे पैसे तिथेच, समजावून सांगण्याचेही तिथेच. बिलावर मात्र दोनच ओळी: फ्रेम आणि काच.

आमच्या व्यवसायाची सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. कौशल्य आम्ही वस्तूच्या किमतीत लपवलं. त्यामुळे गिऱ्हाइकाला तीच फ्रेम ऑनलाइन स्वस्त दिसली की आपण लुटले गेलो असं वाटतं, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. त्यामुळेच दुकानदाराला प्रसिद्ध नावाच्या फ्रेम ठेवाव्या लागतात, कारण मोठा नफा तिथे असतो. आणि मग ते नाव ज्याच्या हातात, त्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. ही नावं तर मोठ्या कारखानदारांकडेही कायमची नसतात. गुच्चीचे चष्मे वर्षानुवर्षं साफिलो ही इटालियन कंपनी बनवत असे. २०१४ मध्ये गुच्चीची मालक असलेल्या केरिंगने हा धंदा स्वतःच करायचं ठरवलं आणि मुदतीआधी परवाना संपवण्यासाठी साफिलोला नऊ कोटी युरो भरपाई दिली. एका दुकानदाराला अशी भरपाई कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं असं की काम बिलावर वेगळं लिहा. मापन आणि बसवणी, एक रक्कम. वर्षभराची देखभाल, एक रक्कम. फ्रेम आणि काच, त्यांच्या जागी. फ्रेमवरचा नफा कमी करा आणि तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. बाहेरून घेतलेली फ्रेम घेऊन कोणी आलं तर तोंड फिरवू नका. ठरलेली रक्कम घ्या आणि काम मन लावून करा. काहींना ही रक्कम बघून धक्का बसेल, काही गिऱ्हाइकं जातील. पण मगच तुम्ही एखाद्याला 'हा जुना चष्मा अजून चांगला आहे, नवा घेऊ नका' असं सांगू शकाल आणि त्या दिवशीची कमाईही बुडणार नाही. नवी फ्रेम विकली तरच ज्याचं घर चालतं, त्याच्या सल्ल्यावर गिऱ्हाइकाने किती विसंबावं?

एकट्याने हे जमत नसेल तर एकत्र या. फ्रान्समध्ये क्रिस, ऑप्टिक २०००, आतोल ही मोठी नावं सहकारी तत्त्वावरची आहेत, सभासद चष्मेवाल्यांच्या मालकीची. स्पेकसेव्हर्स या ब्रिटिश साखळीमध्ये दुकान चालवणारा व्यावसायिक त्या दुकानात भागीदार असतो. फक्त एक सावधगिरी ठेवा. अमेरिकेतली व्हीएसपी ही विमा संस्था १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नेत्र-तपासनिसांनीच सुरू केली होती. आज तिच्याकडे मार्शोन ही फ्रेम बनवणारी मोठी कंपनी आहे आणि व्हिजनवर्क्स ही दुकानांची साखळीही आहे. आपल्यातूनच निघालेली संस्थाही एक दिवस आपल्या समोरच्या फुटपाथवर दुकान मांडू शकते. तेव्हा सहकारी संस्था काढताना तिने किरकोळ दुकान काढायचं की नाही, हे पहिल्याच घटनापत्रात लिहून घ्या.

जाता जाता एक प्रश्न घेतो, कारण तो नेहमी विचारला जातो. गिऱ्हाइकाने दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहून मागितलं, म्हणजे त्याला ऑनलाइन चष्मा घ्यायचा आहे हे उघड आहे, तर द्यायचं का? द्या. दोन्ही डोळ्यांचं माप नाकाच्या मध्यापासून वेगवेगळं घ्या, कारण चेहरे दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. लांबचं की जवळचं ते लिहा, तारीख घाला, खाली सही करा आणि मापनाची रक्कम घ्या. प्रोग्रेसिव्हची उंची मात्र फ्रेम समोर नसताना कोणालाच देता येत नाही. ती मागितली तर त्यांना सांगा, चष्मा आला की तो घेऊन या, खूण मी करून बघतो.