उसनी प्रतिकारशक्ती

मघाशी प्रास्ताविकात 'प्रतिकारशक्ती कशी वाढवावी' असा विषय सांगितला गेला. काढ्यांबद्दल ऐकायला आला असाल तर माफ करा, मी सापापासून सुरुवात करणार आहे.

भातकापणीत घोणस चावलेले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या कोरड्या नळीत त्यांचं थोडं रक्त घेतलं आणि नळी 20 मिनिटं न हलवता ठेवली. मग तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. निरोगी माणसाचं एवढ्या वेळात गोठतं. प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या, गडी वाचला. घरी जाताना म्हणाले, "डॉक्टर, आता परत चावली तरी काळजी नाही ना? लस अंगात मुरलीय."

चूक त्यांची नाही. आपण सगळेच, अगदी वर्तमानपत्रंसुद्धा, प्रतिविषाला 'सापाची लस' म्हणतो. पण लस टोचली की तुमचं शरीर स्वतः कामाला लागतं. इथे काम घोड्याने आधीच करून ठेवलेलं असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडंथोडं टोचत मात्रा वाढवत नेतात, मग त्याच्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रथिनं (अँटिबॉडी), काढून घेतात. बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी 1890 साली बर्लिनमध्ये घटसर्प-धनुर्वातासाठी हीच उसनवारी दाखवली होती.

घोड्याच्या अंगात काय होतं ते बघा. विषाचं माप घेऊन मग प्रतिपिंड शिवायला घ्यायचा, असा शिंप्याचा कारभार तिथे नसतो. ते रेडिमेडचं दुकान आहे. असंख्य बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्रत्येकीचा नमुना वेगळा, आणि तोही विष येण्याआधीच तयार. ज्या पेशीचा नमुना विषाला बसला, तिचीच पैदास सुरू होते. पुढे थोडंफार अल्टरेशनही होतं. त्यातल्या काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. या सगळ्याला पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घोणस तेवढी सवड देत नाही.

(जाता जाता: लहान मुलालाही प्रतिविष मोठ्यांइतकंच द्यावं लागतं. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही.)

उसने प्रतिपिंड काही आठवड्यांत संपतात. आठवणीच्या पेशी घोड्याकडेच राहिल्या, त्या कुपीतून येत नाहीत.

दहा दिवसांनी तेच गृहस्थ पुन्हा दारात. ताप, अंगावर गांध्या, सांधे धरलेले. घोड्याची प्रथिनं परकी म्हणून त्यांच्या शरीराने आता त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड केले होते. म्हणजे शरीराने नीट ओळखून ठेवला तो घोडा, घोणस नव्हे! गोळ्यांनी आठवड्यात बरे झाले. मी केसपेपरवर लाल शाईने 'पूर्वी प्रतिविष दिले आहे' असं लिहिलं आणि त्यांना गमबूट घ्यायला सांगितलं.