नानांची झांकी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आजोबांच्या आठवणी’ असं छापलंय, म्हणून आधीच सांगते, आमचे नाना कुणी थोर पुरुष नव्हते. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये ते कामगार होते. मिलचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल दोन कडू शब्द निघणार आहेत.

इंदूर म्हटलं की इथे लोकांना राजवाडा, सराफा आणि जिरावण भुरभुरलेले पोहे आठवतात. आमचं इंदूर जरा पलीकडचं. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, भंडारी मिल अशी कापड गिरण्यांची रांगच होती, आणि त्यांच्या भोंग्यांवर परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर उठायचं-झोपायचं. घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. नंदानगर तर कामगारांसाठीच वसलं, आणि त्याला नाव मिळालं ते कामगार नेते गुलझारीलाल नंदांचं.

नाना खानदेशातले, रावेरकडचे. वडील लवकर गेले, पाठीवर धाकटी भावंडं. खंडव्याला गाडी बदलून, कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढणाऱ्या छोट्या लाइनीने ते इंदुरात आले आणि मिलच्या फाटकावर उभे राहिले. सुरुवातीची काही वर्षं ते ‘बदली’ होते. म्हणजे रोज फाटकावर जायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. परत यायची वेळ आली की ते घरी न येता मंडईत हमाली करायचे. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. धाकट्या आजोबांनी सांगितलं, तेसुद्धा नाना गेल्यावर. त्याच पैशांत दोन बहिणींची लग्नं झाली आणि धाकटा भाऊ मास्तर झाला.

पुढे ते विणाई खात्यात कायम झाले आणि जॉबर झाले. सांचा, म्हणजे कापड विणायचा माग, अडला की चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. शेकडो धोटे एकाच वेळी खटाखट धावत असतात, तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून विणाईतली माणसं ओठ बघून बोलतात. नानांना त्यामुळे कानाने कमी ऐकू यायचं, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही भावंडं आंब्याच्या पेटीबद्दल काय कुजबुजतोय ते त्यांना बरोबर कळायचं. आम्ही पाठ फिरवून बोलायला शिकलो. आणि ते स्वतः एवढ्या मोठ्याने बोलायचे की नवीन सुनेला वाटायचं, सासरे रागावलेत. माझी आई पहिले सहा महिने घाबरूनच होती.

आता कष्टाचं बोलायचं तर आजीचं बोलायला हवं. पाळी दर आठवड्याला बदलायची. नानांची पाळी बदलली की घराचं सगळं चक्र बदलायचं: पहाटेचा डबा, रातपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी पोरांना अंगणाबाहेर पिटाळणं, अवेळी गरम भाकरी. नानांच्या हजेरीची नोंद मिलच्या रजिस्टरमध्ये झाली, आजीची कुठेच नाही. ‘नानांनी घर उभं केलं’ असं घरात म्हणतात तेव्हा मला हे दरवेळी बोलून दाखवावंसं वाटतं, म्हणून आज बोलले.

पण नाना खरे खुलायचे ते भाद्रपदात. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात, ही परंपरा शंभर वर्षांची आहे. दिव्यांनी लखलखलेले हलते देखावे, पुढे आखाड्यांचे पट्टे फिरवणारे, आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत रात्रभर माणूसच माणूस. आमच्या मिलच्या झांकीतलं जे काही हलायचं ते नानांचं. राखी झाली की पाळी संपवून ते तिथेच थांबायचे. एक लहान मोटर, सायकलची चेन, लाकडी चाकं, आणि सांच्यात दांडा पुढे-मागे होतो तीच युक्ती.

एका वर्षी कालियामर्दन होतं. कृष्ण गोल फिरायचा, कालियाचा फणा वर-खाली. ऐन नंदलालपुऱ्यात चेन तुटली. आम्ही सीतलामाता बाजारात ओळखीच्या ओट्यावर बसलो होतो. झांकी आली, फणा हलत होता, लोक टाळ्या वाजवत होते आणि नाना मात्र ट्रॉलीच्या मागे चालताना दिसेनात. मग माझ्या काकांना खालच्या रंगीत पडद्याच्या फटीतून एक ओळखीची चप्पल दिसली. नाना आत पालथे पडून, हाताने दांडा ढकलत होते. राजवाड्यापर्यंत! सकाळी घरी आले तेव्हा तळहात सोललेले होते आणि स्वारी भलतीच खूश. हा माणूस सगळा जन्म घरासाठी झिजला असं म्हणणाऱ्यांनी ते तोंड बघायला हवं होतं. त्यांना काम आवडायचं, बस.

नव्वदच्या दशकापासून मिला एकेक करून बंद पडत गेल्या. आमचीही पडली. ग्रॅच्युइटी अडकली, पगाराची बाकी अडकली. शहरातल्या एका मोठ्या मिलच्या कामगारांना त्यांचे उरलेले पैसे तब्बल 32 वर्षांनी, 2023च्या डिसेंबरात मिळायला लागले. नाना तोवर नव्हतेच. मिल बंद पडली तेव्हा काकांचं इंजिनीअरिंग अर्ध्यावर होतं. नानांनी ओट्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मांडलं, जोडीला टेबल फॅन. काका पास झाले ते त्याच ओट्यावर.

मिल बंद, पण झांकी चालूच राहिली. कामगार वर्गणी काढून करायचे, आणि नाना त्या ओसाड आवारात पुन्हा चेन जोडायला जायचे. आजी म्हणाली, “पगार नाही, आणि गणपतीला वेळ आहे!” आठवडाभर अबोला होता. मी तेव्हा नानांच्या बाजूने होते. आज स्वतःच्या घराचे हप्ते भरताना आजीचं जास्त पटतं. तरी विसर्जनाच्या रात्री ओट्यावर सगळ्यांत पुढे तीच बसली होती, हेही खरं.

बाहेर चहाच्या टेबलावर झांक्यांचे काही जुने फोटो ठेवलेत. मागे नानांच्या अक्षरात फक्त “मोटर नवी” किंवा “चेन उसनी” एवढंच आहे, साल नाही. इंदूरची मंडळी इथे बरीच दिसताहेत. कुणाला देखाव्यावरून साल ओळखता आलं, तर पेन्सिलने मागे लिहून ठेवा.