आपली झोप नेमकी जाते कुठे?

नमस्कार मंडळी. आज झोपेबद्दल बोलायचंय, खरं म्हणजे कमी झोपेबद्दल. मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात, आणि विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं, मोबाईल बाजूला ठेवा, येईल झोप. मोबाईलचा वाटा आहेच, पण सगळं त्याच्यावर ढकललेलं मला अजिबात पटत नाही.

बदलापूरहून रोज सीएसएमटीला नोकरीला जाणारी बाई घ्या. अंतर सुमारे ६८ किलोमीटर, म्हणजे लोकलने दीडेक तास, तोही गाडी वेळेवर असली तर. सातची गाडी पकडायची तर त्याआधी पोळ्या, डबे, पोरांची शाळेची तयारी, आणि नळाला पाणी पहाटेच येत असेल तर ते भरणं, म्हणून गजर साडेचारचा. रात्री आठला घरी, की परत स्वयंपाक, ओटा आवरणं, पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. झाले ५ तास! भाजीसुद्धा ती परतीच्या लोकलमध्ये निवडत बसते, तेवढाच रात्रीचा वेळ वाचतो. यात मोबाईल बघायला फुरसत कुठेय सांगा.

आणि मग दिवसभर चहावर चहा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, त्यानेच झोप यायला लागते, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच साधारण ५ तास लागतात, तेव्हा सहाचं कटिंग अकरापर्यंत पुरतं.

पुण्याजवळच्या हिंजवडीत आयटी कंपन्यांत अमेरिकेसाठी काम करणाऱ्या पोरांचं वेगळंच. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ, तिथून कॉल सुरू.

अजून एक, घरात कोणी जोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल आणि आठ तास पडूनही सकाळी अंग जड असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच.

बाकी २०२३ मध्ये मध्य रेल्वेने गर्दी कमी व्हावी म्हणून ऑफिसांना वेळा मागेपुढे करायची विनंती केली होती. ती झोपेसाठीही मनावर घ्यायला हवी. आणि घरात जे सहा-सातला उठतात ना, त्यांनी आज रात्रीचा ओटा आवरायला घ्या, तिला दहाला झोपू द्या.