दोन क्विंटलला एक सेंटीमीटर

(भुसावळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर ऑर्डनन्स फॅक्टरीतले, वरणगावचे, लोको शेडमधले पुष्कळ चेहरे दिसतायत. त्यामुळे पाना आणि वायसर म्हणजे काय, यात वेळ घालवायला नको. पत्रिकेत विषय छापलाय ‘पाण्यात तरणारी चाकांची चिलखती लढाऊ गाडी : जडणघडण आणि रचना’. तो सांगणारच आहे. पण आधी टेबलावरचा रबराचा तुकडा बघून ठेवा. ट्रकच्या दाराला लावतात तसलं रबर आहे, काल बाजारातून आणलं. त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

सैन्याचं प्रदर्शन लागलं की मी जातोच. कुठलंही असो. तिथे एक गोष्ट बघून माझा जीव तुटतो. लोक पोरांना घेऊन येतात, पोराला गाडीवर बसवतात, तोफेच्या नळीजवळ उभं करून फोटो काढतात आणि पुढे जातात. खाली वाकून गाडीचं पोट कुणी बघत नाही. एकदा मी एका बापाला म्हटलं, भाऊ, पोराला जरा मागे न्या, पाण्यात गाडी ढकलणारा जेट दाखवा. त्याला वाटलं मी गर्दी हटवतोय. मंडळी, तोफ कुठल्याही गाडीवर चढवता येते. तरणं मात्र मागाहून चढवता येत नाही. कागदावर पहिली रेघ ओढायच्या आधी ते ठरवावं लागतं. एवढी एकच गोष्ट मला आज मनापासून सांगायची आहे.

आता हिशोब. रशियाची बीटीआर-८० घ्या, जवानांना वाहून नेणारी चिलखती गाडी. आठ चाकं, वजन १३.६ टन, लांबी साडेसात मीटरच्या वर, रुंदी २.९ मीटर. तरायचं तर तिला स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे १३.६ घनमीटर. हे आर्किमिडीजचं, शाळेतलंच. पुढचं शाळेत सांगत नाहीत. पाण्याच्या रेषेवर अशा गाडीचा आडवा छेद ढोबळमानाने वीस चौरस मीटर धरा. मग एक सेंटीमीटर खाली जायला किती वजन लागेल? दोनशे किलो. दोन क्विंटल कापूस चढवला की गाडी एक सेंटीमीटर बसली. एक टन चिलखत वाढवलं की पाच सेंटीमीटर. आणि पाण्याच्या वर उघडा राहतो तो काठच मुळात हात-दीड हाताचा. आपल्याकडे ट्रॉलीत आणखी दोन गठ्ठे टाकले तर बैल किंवा ट्रॅक्टर थोडा कुरकुरतो, पण ओढतो. पाणी कुरकुरत नाही, आणि सोडतही नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी ईएमईत, म्हणजे सैन्याची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. आमच्याकडे बीएमपी-२ होत्या. त्याही जवान नेणाऱ्या चिलखती गाड्या, पण चाकांच्या नव्हेत, रणगाड्यासारख्या पट्ट्यांच्या; तरीही तरणाऱ्या. साडेचौदा टनांच्या आतबाहेर, तीन जणांचा क्रू आणि मागे सात जवान. जवान उतरतात मागच्या दोन दारांनी. त्या दारांच्या पोटातही डिझेल भरलेलं असतं, म्हणून दारं चांगलीच जड. जानेवारीचे दिवस, पंजाबातला एक कालवा, सकाळी धुकं असं की पलीकडचा काठ दिसेना. रात्री थंडी फार, म्हणून जवानांनी गाडीत भुसा अंथरून घेतला होता. त्यात चूक काहीच नाही; लोखंडावर बसून रात्र काढून बघा.

पाण्यात उतरण्याआधीची तयारी ठरलेली असते. पोटाखालचे प्लग घट्ट आवळायचे, पाणी उपसायचा पंप चालवून बघायचा, समोरची पाटी उभी करायची म्हणजे लाट नाकावरून आत येत नाही. मग गाडी काठालगत उतरवून दहा मिनिटं नुसती उभी ठेवायची. आमच्यावर वेळेची घाई होती. वरून दोनदा विचारणा झाली, अजून किती? आमचे उस्ताद हलले नाहीत. म्हणाले, दहा म्हणजे दहा.

मी मागच्या बाजूला टॉर्च घेऊन बसलो होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला बुटाजवळ काहीतरी चमकलं. डिझेलचा सप्तरंगी तवंग. तवंग आहे म्हणजे खाली पाणी आहे. मी हाक मारली आणि गाडी मागे घेतली. दार उघडलं, रबर नवं, कुठे चीर नाही, प्लग सगळे आवळलेले. दोघा-तिघांनी बघितलं, काही सापडेना. मग उस्तादांनी हातमोजा काढला, डोळे मिटले आणि दाराच्या रबरावरून एक बोट फिरवायला सुरुवात केली. वरून डावीकडे, डावीकडून खाली. खालच्या कोपऱ्यात बोट थांबलं. गव्हाची एक काडी. भुशातली, दोन इंच लांब, रबरावर आडवी पडलेली. दार बंद केलं की काडीच्या दोन्ही अंगांना बारीक फट राहायची, आणि तिथून पाण्याची धार.

तुमच्यातल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. आमच्या आबांच्या विहिरीवरची मोटर एकदा दोन दिवस पाणीच उचलेना. मोटर खोलली, ग्लँडची दोरी बदलली, वायरमनला बोलावलं. शेवटी पाइप वर ओढला तर फुटवॉलमध्ये बाभळीची काडी. हात वर करा, कुणाकुणाच्या विहिरीवर असं झालंय? ...बघा, अर्धा हॉल.

मोटर पाणी उचलत नाही तेव्हा पीक वाळतं. गाडीत पाणी शिरतं तेव्हा काय होतं? मीटरभर पाण्याखाली एक चौरस सेंटीमीटरचं भोक, करंगळीच्या नखाएवढं, मिनिटाला साधारण एक बादली पाणी आत घेतं. आणि ते पाणी एका जागी बसत नाही. अर्धा भरलेला टँकर घाटाच्या वळणावर कसा वागतो, ठाऊक आहे ना? गाडी जरा कलली की आतलं सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. ३० जुलै २०२० ला कॅलिफोर्नियाजवळ, सॅन क्लेमेंटे बेटालगत अमेरिकेच्या मरीन दलाची अशीच एक गाडी बुडाली. आठ मरीन आणि एक खलाशी, नऊ पोरं गेली. गाडी जुनी होती. चौकशीत गळती निघाली, देखभालीतली हयगय निघाली, जवानांना बाहेर काढायला झालेला उशीर निघाला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. रबरावरून फिरणारं उस्तादांचं ते बोट डोळ्यांसमोरून जाईना.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. दहा मिनिटं राहिली म्हणे. ठीक आहे, आता चाकांवर येतो.

चाकं कशासाठी? डांबरी रस्त्यावर पट्ट्यांपेक्षा चाकांची गाडी वेगाने आणि कमी खर्चात लांब जाते. पट्टा तुटला तर गाडी जागीच बसते. आठातलं एक चाक गेलं तरी ती चालते. पण पाण्यात चाकं कामाची नाहीत. बीएमपी आपल्या पट्ट्यांनीच पाणी मागे रेटते. चाकं नुसती फिरतात, म्हणून मागे पंखा किंवा जेट लावावा लागतो. एवढं करूनही वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर. तापीला पूर आला तर तेवढा वेग धारेला कापायलाच पुरायचा नाही.

अवघड काय, तर पलीकडे बाहेर निघणं. पुढची चाकं काठाला लागतात तेव्हा मागचा भाग अजून तरत असतो. वजन पाण्याने उचललेलं, त्यामुळे चाकाला पकड नाही. त्यात आपल्यासारखी काळी चिकण माती असेल तर विचारूच नका. म्हणून जेट आणि चाकं एकाच वेळी चालवायची सोय ठेवतात, आणि टायरची हवा ड्रायव्हरला बसल्या जागी कमी-जास्त करता येते. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘डक’ या पाण्यात चालणाऱ्या ट्रकवर पहिल्यांदा आली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि चिखल धरतो. चिबडातून ट्रॅक्टर काढताना तुम्हीही तेच करता.

आता दार. जुन्या बीटीआरमध्ये इंजिन मागे. तोल साधायला, जेट फिरवायला ते बरं. पण मग जवान उतरणार कुठून? बीटीआर-८० ला दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये, बाजूला दार आहे. म्हणजे जवान उतरतो तो गोळ्यांच्या समोरच. म्हणून पुढच्या पिढीने इंजिन पुढे नेलं आणि मागे रुंद रॅम्प दिला. जवान गाडीच्या आडोशाने उतरतो. पण याची किंमत मोजावी लागते. नाक जड होतं, आणि पाण्यात बुडणाऱ्या भागाला एवढं मोठं दार, म्हणजे तेवढंच लांब रबर.

तिसरी गोष्ट वजन. सुरुंग आणि मोठ्या गोळ्या यांच्यापासून वाचायला चिलखत वाढत गेलं. अमेरिकेच्या मरीन दलाची एलएव्ही-२५ ही आठ चाकी गाडी तरते. त्याच घराण्यातली स्ट्रायकर ही गाडी जड झाली, तिने तरणं सोडलं. आपल्या डीआरडीओची अहिल्यानगरला व्हीआरडीई ही सैन्याच्या गाड्या आखणारी संस्था आहे; तिने टाटांबरोबर जी आठ चाकी गाडी केली, ती २०१४ च्या डिफेक्स्पो या संरक्षण-प्रदर्शनात ‘केस्ट्रेल’ नावाने मांडली होती. आता तिला व्हॅप म्हणतात. वजन वीस टनांच्या वर, इंजिन पुढे, मागे रॅम्प, तळाशी सुरुंग सोसायची रचना. आणि तरीही ती तरते, मागे जेट लावून. वीस टन म्हणजे वीस घनमीटर पाणी सारायचं, म्हणून ती एवढी उंच आणि पोटाळ दिसते. तिच्यावरूनच बेतलेल्या जवानांच्या संरक्षित गाड्या २०२२ मध्ये पुण्यात सेनेकडे सोपवल्या गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मोरोक्कोत, बेर्रशिदला, या गाडीचा कारखाना सुरू झाला. आपल्याच महाराष्ट्रात आखलेली गाडी आफ्रिकेत बनते, हे मला फार मोठं वाटतं. तिचं प्रदर्शन कुठे लागलं तर कृपा करून मागे जा. खाली वाका. पोरांना जेट दाखवा, रॅम्पचं रबर दाखवा.

चिठ्ठी आली. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग राहिलं, पुढची चार चाकं वळतात ते सांगायचं होतं. चहाच्या वेळी विचारा, मी थांबतोय. आणि जाताना टेबलापाशी या. या रबरात मी एका ठिकाणी गव्हाची काडी अडकवून ठेवली आहे. डोळे मिटा आणि एक बोट फिरवा.