फुलीवर उभं राहून

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी वाचनालयात दिलेलं व्याख्यान)

तुमच्यापैकी बरेच जण बालाजीला जाऊन आलेत. हैदराबादला गाडी बदलायची, मधल्या वेळात चारमिनार ‘करायचा’. म्हणजे खाली उभं राहून फोटो, लाड बाजारातून बांगड्या, की परत स्टेशन. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्या खेपेला तिकीट काढून वर चढलो.

जिना मिनाराच्या पोटातून गोल फिरत जातो. पायऱ्या उंच, अरुंद, त्यात अंधार. थांबावं तर मागचा थांबू देत नाही. मिनार छप्पन्न मीटरचे, पण आपल्याला पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात. माझ्या गुडघ्यांना तेवढंही पुष्कळ झालं.

सोबत आमचे शेजारी होते, सत्तरीचे, जन्म वावरात गेलेला. मी मास्तर, त्यामुळे वर पोचताच सुरू झालो : १५९१ साल, मुहम्मद कुली कुतुबशहा, गोवळकोंड्यात माणसं मावेनात म्हणून मुसीच्या दक्षिणेला नवं शहर, आखणी सुलतानाचा वजीर मीर मोमिन याची... त्यांचं लक्षच नव्हतं. कठड्याला टेकून चारी बाजूंनी पाहून आले आणि म्हणाले, “गुरुजी, फुली पाडली हो यायनं!”

इथल्या पोरांना फुली ठाऊक नसेल. पूर्वी कपाशीच्या वावरात आधी उभ्या ओळी पाडायच्या, मग आडव्या. जिथं त्या छेदतात ती फुली, तिथं सरकी टोबायची, म्हणजे पुढं डवरा, तण काढायचं बैलाचं अवजार, दोन्हीकडून चालतो. चारमिनार ही त्या शहराची फुली. चार कमानींतून चार रस्ते निघतात. उत्तरेला गुलजार हौजाभोवतीच्या चार कमानी, पश्चिमेला लाड बाजार, दक्षिणेला मक्का मशीद; ती १६१७ला सुरू झाली आणि १६९४ला पुरी केली औरंगजेबानं. पूर्वेला मला नुसत्या वायरी दिसल्या. खालून यातलं काही कळत नाही, रिक्षाच आडव्या येतात.

मिनारावर चारी बाजूंना घड्याळं आहेत, १८८९ची. ती बसली तोवर आपलं वऱ्हाड निजामाच्या हातून निसटलं होतं. इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ला इंग्रजांकडे गेलं, १९०२ला कायमच्या मक्त्यानं. मक्ता वर्षाला २५ लाख. तरी १९३६ला निजामाच्या थोरल्या मुलाला किताब मिळाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र. वावर दुसराच वाहतो, सातबारावर नाव आपलं. हा प्रकार आपल्याला काही नवा नाही!

खाली उतरल्यावर शेजारी एका बाजूनं पावलं टाकत गेले. अठ्ठावीस भरली. बोटांवर काहीतरी हिशोब केला.

“वीस मीटर. चौरस धरलं तं चारशे चौरस मीटर, म्हणजे चार आर,” ते म्हणाले. “चार आरात काय केलं पाहा, अन् माया दोन हेक्टरात यंदा सोयाबीनही धड नाही.”

मग आम्ही बांगड्या घेतल्या.