भाद्रपदात येणारी पाहुणी

ऑगस्ट सरत आलेला असतो, पुण्यात पावसाची झड लागलेली असते आणि गणपतीच्या मांडवांचे बांबू रस्त्यारस्त्यांवर उभे राहू लागतात. नेमक्या याच दिवसांत अठरा-एकोणीस वर्षांची काही जर्मन मुलेमुली, मुंबईच्या विमानतळावर उतरून घाट चढून, शहरातल्या मोजक्या घरांच्या दारांशी येऊन उभी राहतात. जर्मनीत शालान्त परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते, आणि विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष सेवेसाठी देणारे तरुण तिथे बरेच असल्यामुळे त्यांच्या आगमनाचा हंगाम साधारण हाच असतो.

त्यांच्यातील अनेक जण ‘वेल्टवेर्ट्स’ या योजनेतून येतात. जर्मनीच्या आर्थिक सहकार्य व विकास मंत्रालयाने २००८ साली सुरू केलेली ही योजना १८ ते २८ वर्षांच्या तरुणांसाठी आहे. प्रवास, विमा, राहणे-जेवण, हातखर्च आणि प्रशिक्षणाची शिबिरे यांची तरतूद तीत असते. घर मात्र कोणीतरी उघडावे लागते.

पहिला चहा होतो न होतो तोच कागदपत्रांची आठवण येते. परदेशी व्यक्तीला घरी ठेवणाऱ्याला चोवीस तासांत तिची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून कळवावी लागते, आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्याला चौदा दिवसांत आपली नोंदणी करावी लागते.

खरी परीक्षा जेवणाच्या ताटावर होते. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय वाढणे म्हणजे पाहुण्याचा अनादर, आणि पहिल्या नकाराला नकार समजणे म्हणजे कंजूषपणा. जर्मनीहून आलेल्या मुलीच्या घरी मात्र ‘नको’ या शब्दाचा अर्थ नको एवढाच असतो. शिवाय ताटात काही टाकू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेले असते, म्हणून ती मुकाट्याने ताट स्वच्छ करते, आणि स्वच्छ ताट पाहून यजमान घरातल्या काकूंना वाटते की पोरीचे पोट भरलेले नाही. दोघीही आपापल्या परीने सभ्यपणाने वागत असतात आणि पोळ्या वाढत जातात. या गोंधळावर कोणत्याही शिबिरात उतारा मिळत असेल असे वाटत नाही.

भाषेची गोष्ट उलटी आहे. तो, ती, ते ही तीन लिंगे पाहून इंग्रजीभाषक गांगरतो, पण जर्मनमध्येही लिंगे तीनच असल्याने ती मुलगी गांगरत नाही, आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतला फरकही तिला समजावून सांगावा लागत नाही. अडचण घरच्यांचीच असते, कारण सगळे तिच्याशी हौसेने इंग्रजीतच बोलत राहतात.

मग दाराच्या किल्लीचा प्रश्न येतो. ‘कुठे निघालीस, केव्हा येशील?’ हे आपल्याकडे मायेने विचारले जाते, आणि नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला ती चौकशी वाटते. ज्या घरात पहिल्या आठवड्यातच जादा किल्ली तिच्या हाती दिली जाते, तिथे उशीर होणार असल्याचा निरोप तीच आपणहून देते.

अशी माणसे भारतात येण्याला जुना इतिहास आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे संस्थापक आणि स्विस अभियंते प्येर सेरेसोल पुनर्बांधणीसाठी बिहारमध्ये आले होते, आणि तेथील मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेसोल कसलेले अभियंते होते. आजची मुले थेट शाळेतून येतात. बालगृहात किंवा शाळेत त्यांचा हात लागतो हे खरे, पण पहिले काही महिने सेवा घडते ती यजमान घराकडून, आणि हे मोकळेपणाने मान्य करण्यात कोणाचाच कमीपणा नाही.

२०१३ पासून या योजनेत उलटी वाटही खुली झाली, आणि भारतासारख्या देशांतले तरुण वर्षभराच्या सेवेसाठी जर्मनीत जाऊ लागले. तिथल्या अनेक घरांत रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडीच्या चकत्या, तेही गार. आपल्याकडचा मुलगा एखादा तुकडा खाऊन हात आवरता घेतो आणि गरम काही येईल म्हणून वाट पाहत बसतो; यजमानीणबाई विचारतात, ‘आणखी हवे?’, तो रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणतो, आणि त्या टेबल आवरायला घेतात.