सोळा ते अठरा : मुलाची समज कशी तपासतात

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात किंवा वाशीत सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आला, की प्रकरण भिवंडीच्या बाल न्याय मंडळापुढे जातं. आधी वय ठरतं. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची तपासणी.

किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा आणि सोळा वर्षं पूर्ण झालेली असतील, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन होतं. मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे त्यावरून ठरतं. मुलाची मानसिक आणि शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि गुन्हा घडला तेव्हाची परिस्थिती पाहायची. हा खटला नव्हे. मुलानं गुन्हा केला की नाही, हे इथे ठरत नाही, म्हणून अहवालात कबुलीजबाब आला तर वकिलानं तिथेच हरकत घ्यावी.

गडबड होते ती बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून. आकडा चांगला आला, म्हणजे मुलाला सगळं कळत होतं, असं धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बुद्धीची कुवत आणि परिणामांची समज हे दोन प्रश्न वेगळे केले. परिणाम म्हणजे नुसती जखम किंवा मृत्यू नव्हे. मृताच्या घरच्यांचं, स्वतःच्या आईवडिलांचं, पुढच्या आयुष्याचं काय होईल, हेही त्यात येतं. गणितात हुशार मुलगाही मित्रांच्या घोळक्यात एवढा लांबचा विचार करेलच असं नाही. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. मूल्यांकन गुन्हा घडला त्या दिवसाच्या मनाविषयी असतं. आज तो मुलगा वकिलाला आपली बाजू सांगू शकतो का, आरोप त्याला समजतो का, हा प्रश्न निराळा. मानसिक आजारामुळे बचाव करता येत नसेल, तर फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 368 खाली वैद्यकीय तपासणी मागता येते आणि तसं आढळलं, तर खटला थांबतो. मूल्यांकनाचा अहवाल त्याला पर्याय नाही.

पालकांनो, मुलाच्या घरची माहिती घेणारे परिविक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा शाळेचे प्रगतीपत्रक, फिट किंवा डोक्याच्या दुखापतीचे जुने केसपेपर, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. लाजेखातर आजार लपवू नका. तज्ज्ञांच्या अहवालाची प्रत मागा. मूल्यांकनानंतरचा मंडळाचा आदेश मान्य नसेल, तर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस मिळतात. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100.